गाथेतला नांगर, कवितेतली भाकर : काव्यातील अलंकार आणि सूर कसा ओळखावा?



विहारात आपण गाथा म्हणतो. जयंतीच्या दिवशी रात्र-रात्र भीमगीते ऐकतो. वाचनालयात गेलो तर एखादा दलित कवितेचा संग्रह हाती पडतो. या तिन्ही ठिकाणी आपल्यापुढे असते ते काव्य. काव्याची भाषा रोजच्या व्यवहाराच्या भाषेपेक्षा थोडी निराळी असते. ती कधी सरळ बोलते, कधी आडवळणाने बोलते. कधी एक वस्तू दाखवते आणि सांगायची असते दुसरीच.

काव्य वाचताना आपल्याकडून दोन प्रकारच्या चुका होतात. पहिली चूक म्हणजे प्रतिमेलाच वस्तू समजणे. गाथेत ‘माराची सेना’ असे शब्द आले की कोणी तरी राक्षस खरोखरच घोडे-हत्ती घेऊन चालून आला, असे समजणे. या चुकीतून अंधश्रद्धा जन्मते. दुसरी चूक नेमकी उलटी आहे. ती म्हणजे वस्तूलाच प्रतिमा समजणे. उपाशी माणसाच्या कवितेत ‘भाकर’ आली की लगेच ‘भाकर हे येथे ज्ञानाचे प्रतीक आहे’ असे म्हणून मोकळे होणे. या चुकीतून उपाशी माणसाची भूकच पुसली जाते. ती भूक ज्यांनी लादली, त्यांची सुटका होते.

म्हणून अलंकार ओळखणे हा केवळ परीक्षेतील पाच गुणांचा प्रश्न नाही. आपण काय मानतो आणि काय नाकारतो, याच्याशी त्याचा संबंध आहे. या पाठात आपण दोन गोष्टी शिकणार आहोत : अलंकार कसा ओळखावा आणि सूर कसा ओळखावा. पाठात जी छोटी वाक्ये नमुन्यादाखल दिली आहेत, ती अभ्यासासाठीच तयार केलेली आहेत.

१. उपमा, रूपक आणि त्यांचे सोबती

प्रथम हे वाक्य पाहा : ‘आई उन्हात उभी, बाभळीसारखी.’

येथे आई आणि बाभूळ यांची तुलना केली आहे. जिच्याविषयी बोलायचे ती आई म्हणजे उपमेय. जिच्याशी तुलना केली ती बाभूळ म्हणजे उपमान. दोघींत सारखा असणारा गुण, उन्हात तग धरून राहण्याचा, त्याला साधारण धर्म म्हणतात. ‘सारखी’ हा साम्य दाखवणारा शब्द. ही झाली उपमा.

आता तेच वाक्य थोडे बदलू : ‘आई आमची बाभूळ, भर उन्हात उभी.’ येथे ‘सारखी’ हा शब्द गळाला. आई बाभळीसारखी आहे असे न म्हणता आई हीच बाभूळ आहे, असे म्हटले. हे रूपक. ‘जणू बाभूळच’ असे म्हटले असते, तर ती उत्प्रेक्षा झाली असती.

‘रात्रभर चूल जागी राहिली, भाकरीची वाट पाहत’ या वाक्यात निर्जीव चुलीला माणसाची वृत्ती दिली आहे. ही चेतनगुणोक्ती. ‘तिच्या घामाने नदीला पूर आला’ ही अतिशयोक्ती.

ही नावे पाठ असावीत, पण नावापाशी थांबू नये. ‘आई बाभूळ आहे, म्हणून येथे रूपक अलंकार आहे’ एवढे लिहून विद्यार्थी मोकळा होतो. खरा प्रश्न पुढेच आहे. कवीने वड का घेतला नाही? चंदन का घेतले नाही? बाभळीला काटे असतात. तिची सावली विरळ असते. तिला कोणी मुद्दाम लावत नाही, पाणी घालत नाही, तरी ती माळावर उभी राहते. हे सर्व त्या एका शब्दाबरोबर आईकडे येते. उपमान कोठून निवडले, हे पाहिल्याशिवाय अलंकाराचा अर्थ हाती लागत नाही.

२. शेतकऱ्याला नांगर, अग्निपूजकाला अग्नी

उपमान कसे निवडावे याचा उत्तम धडा बुद्धवचनातच आहे. सुत्तनिपातातील कसिभारद्वाज सुत्त घ्या. मगध देशात एकनाळा नावाचे ब्राह्मणांचे गाव. पेरणीचे दिवस. भारद्वाज ब्राह्मणाचे पाचशे नांगर जुंपलेले. तेथे वाटप चालू असताना भगवान भिक्षेसाठी उभे राहतात. ब्राह्मण म्हणतो, मी नांगरतो, पेरतो आणि मग खातो. श्रमणा, तूही नांगर, पेर आणि मग खा. भगवान उत्तर देतात की मीही नांगरतो व पेरतो, आणि मगच खातो. ब्राह्मण बुचकळ्यात पडतो. तुमचे जू कोठे आहे, नांगर कोठे आहे, बैल कोठे आहेत, असे तो विचारतो.

येथे जरा थांबा. ब्राह्मणाने ‘नांगरणे’ या शब्दाचा वाच्यार्थ घेतला आहे. वाच्यार्थ जुळत नाही, कारण समोर उभ्या असलेल्या भिक्खूजवळ नांगर नाही. सरळ अर्थाला जेथे अशी अडचण येते, तेथे दुसरा अर्थ शोधावा. अलंकार ओळखण्याची ही पहिली खूण.

मग भगवान एकेक अवजार उलगडून सांगतात. श्रद्धा हे बी. तप हा पाऊस. प्रज्ञा म्हणजे जू आणि नांगर. वाईट कर्माची लाज हा नांगराचा दांडा. मन हा बांधण्याचा दोर. स्मृती, म्हणजे जागरूकता, हा नांगराचा फाळ आणि हातातली पराणी. सत्याने तण निंदून काढायचे. वीर्य, म्हणजे प्रयत्न, हा ओढणारा बैल. या शेतीचे पीक कोणते? दुःखातून मुक्ती.

एका वस्तूचे रूपक करून तिच्या सर्व अंगांपर्यंत ते नेले, की त्याला सांग रूपक म्हणतात. येथे जोड्या उगाच लावलेल्या नाहीत. प्रज्ञेला नांगर म्हटले, कारण घट्ट झालेली जमीन तीच फोडते. जागरूकतेला फाळ आणि पराणी म्हटले, कारण एक जमिनीत खोल शिरतो व दुसरी बैलाला झोपू देत नाही. प्रयत्नाला बैल म्हटले, कारण बैलाशिवाय उत्तम नांगरही बांधावर पडून राहतो. शेतात काम केलेल्या वाचकाला हे समजावून सांगावे लागत नाही.

ऐकणारा शेतकरी होता, म्हणून उपमान नांगर. गया येथे अग्निपूजा सोडून भिक्खू झालेल्या जटिलांपुढे भगवान बोलले, तेव्हा उपमान अग्नी : डोळे जळत आहेत, कान जळत आहेत, राग, द्वेष आणि मोह यांच्या आगीने सर्व जळत आहे. सोण हा भिक्खू गृहस्थाश्रमात वीणा वाजवणारा होता. त्याला अतिप्रयत्न आणि आळस यांमधला मार्ग वीणेच्या तारेवरून समजावला. तार फार ताणली तरी स्वर बिघडतो, फार सैल सोडली तरी बिघडतो. ऐकणाऱ्याच्या जगातून उपमान घेणे म्हणजे ऐकणाऱ्याला मान देणे होय.

३. माराची सेना कोणती?

आता पहिल्या चुकीकडे वळू. बोधिवृक्षाखाली मार सैन्यासह आला, ही कथा आपण चित्रांत आणि लेण्यांच्या भिंतींवर पाहतो. अजिंठ्याच्या लेण्यातही तो प्रसंग कोरलेला आहे. चित्रकाराला आणि शिल्पकाराला आकार द्यावाच लागतो. परंतु सुत्तनिपातातील पधान सुत्त काय सांगते, ते पाहा. तेथे माराच्या सैन्याची मोजदाद आहे. पहिली सेना कामवासना. दुसरी अरति, म्हणजे चांगल्या कामात मन न लागणे. तिसरी भूक-तहान. चौथी तृष्णा. पाचवी आळस व सुस्ती. सहावी भीती. सातवी शंका. आठवी कृतघ्नता आणि ताठा.

यात एक तरी सैनिक हाडामांसाचा आहे काय? नाही. गाथेनेच रूपकाची किल्ली आपल्या हाती दिली आहे. बाबासाहेबांनीही ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ या ग्रंथात माराची प्रजा म्हणजे दुष्ट विचार व विकार, असाच अर्थ धरला. हा अर्थ बाहेरून लादलेला नाही. तो मूळ गाथेतच आहे.

वाचकाने येथून दुसरी खूण शिकावी. कविता किंवा गाथा स्वतःच आपल्या प्रतिमेचा अर्थ कोठे सांगते काय, हे आधी शोधावे. बाहेरचा अर्थ आणण्याची घाई करू नये.

मार ही केवळ कल्पना आहे म्हटल्यावर त्याचे महत्त्व कमी होते, असे मात्र कोणी समजू नये. उलट ते वाढते. राक्षस असता तर तो अडीच हजार वर्षांपूर्वी येऊन गेला, असे म्हणून आपण सुटलो असतो. आळस, भीती आणि ताठा या सेना मात्र आज सकाळीही आपल्या दारात उभ्या होत्या.

४. सूर म्हणजे काय?

अलंकार शब्दांत असतो. सूर शब्दांच्या पाठीमागे असतो. बोलणारा आपल्या विषयाकडे आणि ऐकणाऱ्याकडे कोणत्या वृत्तीने पाहतो, ती वृत्ती म्हणजे सूर. विषय आणि सूर एक नव्हेत. मरणाविषयी शांतपणे बोलता येते, रागाने बोलता येते, थट्टेनेही बोलता येते.

एक वाक्य घ्या : ‘या साहेब, आमच्या वस्तीत या.’ याचा सूर कोणता? एवढ्यावरून सांगता येणार नाही. पुढचे वाक्य जोडून पाहा.

(अ) ‘या साहेब, आमच्या वस्तीत या. चहा ठेवलाच आहे.’
(आ) ‘या साहेब, आमच्या वस्तीत या. पाच वर्षांनी वाट सापडली म्हणायची!’
(इ) ‘या साहेब, आमच्या वस्तीत या. आणि आमच्या नळाखाली तासभर हंडा धरून दाखवा.’

पहिल्यात आपुलकी आहे. दुसऱ्यात उपरोध आहे. तिसऱ्यात आव्हान आहे. पहिले वाक्य तिन्ही ठिकाणी जसेच्या तसे आहे. म्हणून एका ओळीवरून सूर ठरवू नये. मागची-पुढची ओळ पाहावी, आणि कोण कोणाला बोलतो आहे ते पाहावे.

उपरोधाची परीक्षा विशेष काळजीने करावी लागते, कारण तेथे शब्दांचा अर्थ एक आणि बोलणाऱ्याचा अभिप्राय उलट असतो. समजा एखाद्याने लिहिले : ‘केवढी ही शुद्धता! गुरे प्याली तरी पाणी निर्मळ, माणूस प्याला की विटाळले.’ यातली ‘शुद्धता’ ही स्तुती समजणारा वाचक कवितेच्या दारातच अडखळला. आणि हा उपरोध हवेतून आलेला नाही. महाडचे चवदार तळे अस्पृश्यांना खुले करण्याचा ठराव नगरपालिकेने १९२४ साली केला होता. तरीही २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली तेथे ओंजळभर पाणी पिणाऱ्या माणसांवर हल्ला झाला आणि नंतर त्या तळ्याचे ‘शुद्धीकरण’ करण्यात आले. हा इतिहास ज्याला ठाऊक आहे, त्याला सूर चटकन सापडतो. संदर्भ ठाऊक नसेल, तर उत्तम कानालाही उपरोध ऐकू येत नाही.

५. एकाच उपमा, निराळा सूर

सूर आणि अलंकार यांचे नाते पाहायचे असेल, तर थेरीगाथेतील अंबपालीच्या एकोणीस गाथा वाचाव्यात. अंबपाली ही वैशालीची प्रसिद्ध गणिका. पुढे ती भिक्खुणी झाली. म्हातारपणी ती स्वतःच्या देहाकडे पाहते. केस भुंग्यासारखे काळे होते, आता तागाच्या सालीसारखे झाले. आवाज वनातल्या कोकिळेसारखा होता, आता तो जागोजागी फुटतो. मान घासून गुळगुळीत केलेल्या शंखासारखी होती, आता वाकली. अशी ती एकेका अवयवापाशी थांबते आणि प्रत्येक गाथेच्या शेवटी हेच म्हणते की सत्य सांगणाऱ्याचे वचन खोटे ठरत नाही.

भुंगा, कोकिळा, शंख ही उपमाने तिने नव्याने शोधलेली नाहीत. स्त्रीच्या सौंदर्याची वाखाणणी करणारे कवी हीच उपमाने वापरतात. जे शब्द तिच्याविषयी इतरांनी वापरले असते, ते तिने स्वतःच्या हाती घेतले आणि त्यांपुढे ‘होते’ हे एक क्रियापद ठेवले. उपमा तीच राहिली, सूर पालटला. या गाथांत रडणे नाही, देहाचा तिरस्कार नाही, गेलेल्या दिवसांची हळहळ नाही. साक्षीदार जसा पाहिलेले सांगतो, तसा हा सूर आहे. पुन्हा पुन्हा येणारे ध्रुपद त्या साक्षीवर शिक्का मारत जाते.

दुसरे उदाहरण धनिय सुत्ताचे. धनिय हा मही नदीच्या काठचा गवळी. पावसाळा तोंडावर आला आहे. तो समाधानाने म्हणतो की माझा भात शिजला, गाईंचे दूध काढून झाले, झोपडी शाकारलेली आहे, अग्नी पेटलेला आहे. पावसा, आता खुशाल ये. भगवान त्याच चालीत उत्तर देतात. त्यांची झोपडी उघडी आहे आणि अग्नी विझलेला आहे. तरी तेही पावसाला खुशाल ये असेच म्हणतात. शब्दांचा खेळही पाहा : गवळी स्वतःला ‘पक्कोदनो’ म्हणवतो, म्हणजे भात शिजलेला; भगवान ‘अक्कोधनो’ म्हणतात, म्हणजे क्रोध नसलेला. ध्वनी जवळचा, अर्थ फार दूरचा.

धनियाची झोपडी ही खरी झोपडी आहे, त्याचा अग्नी खरा अग्नी आहे. भगवानांचा विझलेला अग्नी मात्र विकारांचा आहे. एकाच संवादात तोच शब्द एकाच्या तोंडी वस्तू आहे आणि दुसऱ्याच्या तोंडी रूपक. दोघांचाही सूर निर्भयतेचा वाटतो. पण एकाची निर्भयता छपरावर अवलंबून आहे, दुसऱ्याची नाही. हा फरक कानाने टिपणे म्हणजेच काव्य समजणे.

६. भाकर ही भाकरच

आता दुसऱ्या चुकीकडे येऊ. हे वाक्य वाचा : ‘दोन दिवसांनी भाकर दिसली, पोराने आधी वास घेतला.’

येथे कोणता अलंकार आहे? कोणताही नाही. भाकर म्हणजे भाकर. वास घेणे म्हणजे वास घेणे. या ओळीचे बळ तिच्या सरळपणात आहे. येथे प्रतीक शोधणारा वाचक त्या पोराकडे पाठ फिरवतो. सरळ अर्थाला अडचण येत नसेल, तर सरळ अर्थच घ्यावा. पहिल्या खुणेची ही दुसरी बाजू आहे.

दलित कवितेच्या बाबतीत हे विशेष ध्यानात ठेवावे. नामदेव ढसाळांचा ‘गोलपीठा’ हा संग्रह १९७२ साली प्रसिद्ध झाला. त्याला विजय तेंडुलकरांची प्रस्तावना होती. ‘गोलपीठा’ हे नाव कवीने कल्पनेतून काढलेले नाही. मुंबईतील कामाठीपुऱ्याच्या भागातील ती खरी जागा आहे. ती वाचकाच्या मनात पुढे एका व्यवस्थेचे प्रतीक बनते, हे खरे. पण आधी ती जागा आहे, तेथे माणसे राहतात. उलट दया पवारांच्या १९७४ सालच्या संग्रहाचे नाव ‘कोंडवाडा’ हे रूपक आहे. मोकाट गुरे जेथे कोंडून ठेवतात तो कोंडवाडा. हा शब्द माणसांच्या जगण्याला लावला, की जातिव्यवस्थेने माणसाला गुराच्या पंक्तीला बसवले, हे एका शब्दात सांगून होते. एक नाव वस्तूकडून प्रतीकाकडे जाते, दुसरे सरळ रूपकच आहे. वाचकाने दोन्हींना एकच माप लावू नये.

या कवितेच्या सुराविषयीही असाच गैरसमज झाला. तिच्यातील रांगड्या शब्दांना, शिव्यांना पाहून अनेकांनी ती कविता असभ्य ठरवली. शब्द असभ्य आहे की नाही एवढेच त्यांनी पाहिले; तो कोण उच्चारतो, कोणाला उद्देशून उच्चारतो, हे पाहिले नाही. चिडलेला माणूस आणि द्वेष करणारा माणूस हे दोन निराळे आहेत. अन्याय थांबावा म्हणून जो राग येतो, त्याच्या मुळाशी बहुधा माणसाविषयी कळवळा असतो. मात्र प्रत्येक संतप्त ओळ कळवळ्याचीच असेल, असेही नव्हे. कवितेत त्या रागाबरोबर कोणासाठी तरी जागा आहे काय, हे शोधावे आणि मगच निकाल द्यावा.

७. सूर्य, आणि रूपकाची हद्द

आपल्या गीतांत बाबासाहेबांना वारंवार सूर्य म्हटले जाते. हे रूपक सुंदर आहे. पिढ्यान्‌पिढ्यांचा अंधार आणि त्यात आलेला प्रकाश, हा साधारण धर्म त्यात आहे. पण प्रत्येक रूपकाला हद्द असते. सूर्य कोणाच्या प्रयत्नावाचून उगवतो. बाबासाहेब रात्र-रात्र अभ्यास करून घडले. सूर्याकडे माणूस हात जोडतो आणि आपापल्या कामाला लागतो. बाबासाहेबांनी आपल्याला संघटित व्हायला सांगितले. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेतील भाषणात त्यांनी राजकारणातील भक्ती आणि विभूतिपूजा ही अधोगतीची आणि अखेर हुकूमशाहीची वाट आहे, असा स्पष्ट इशारा दिला होता.

म्हणून ‘सूर्य’ हे रूपक गाताना गळा मोकळा सोडावा, पण बुद्धी जागी ठेवावी. रूपकाचे दैवत झाले, की सांगण्याचा मुद्दा हरवतो. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला घेतलेल्या बावीस प्रतिज्ञांत बुद्ध हा विष्णूचा अवतार नव्हे, असे आपण म्हटले. ती प्रतिज्ञा आपल्या गीतांनाही लागू आहे.

८. वाचताना विचारायचे पाच प्रश्न

कोणतीही गाथा, गीत किंवा कविता समोर आली, की हे प्रश्न क्रमाने विचारावेत :

(१) येथे कोण बोलतो आहे, आणि कोणाशी?
(२) सरळ अर्थ जुळतो काय? जुळत असेल तर तोच घ्यावा. जुळत नसेल तर अलंकार शोधावा.
(३) उपमान कोणाच्या जगातून घेतले आहे? त्याचे कोणते गुण विषयाकडे आले, आणि कोणते आले नाहीत?
(४) कविता स्वतः आपल्या प्रतिमेचा अर्थ सांगते काय?
(५) बोलणाऱ्याचा सूर कोणता, आणि तो मध्येच कोठे बदलतो काय? तो कोणत्या शब्दाने बदलला?

स्वाध्याय

१. ‘बाप आमचा पूल, सगळे पलीकडे गेले’ या ओळीतील उपमेय व उपमान सांगा. पुलाचे कोणते गुण बापाकडे आले? ओळीचा सूर अभिमानाचा, तक्रारीचा की दोन्हींचा, ते कारणासह लिहा.

२. ‘पावसाने यंदाही आमचे घर ओळखले’ या ओळीत कोणता अलंकार आहे? सूर आनंदाचा की उपरोधाचा, हे ठरवण्यासाठी पुढची एक ओळ स्वतः लिहा. मग सूर पालटेल अशी दुसरी ओळ लिहा.

३. तुमच्या वस्तीत गायल्या जाणाऱ्या एखाद्या भीमगीतातील एक रूपक निवडा आणि त्याची हद्द कोठे येते, ते चार वाक्यांत सांगा.

४. विहारातील अभ्यासवर्गात कसिभारद्वाज सुत्त दोघांनी संवादाच्या रूपाने मोठ्याने वाचावे. भारद्वाजाच्या आवाजात टोमणा असावा. भगवानांच्या आवाजात राग नसावा. ब्राह्मणाचा सूर कोठून बदलू लागतो, ते ऐकणाऱ्यांनी सांगावे.